मेणाची डबी आणि लोशनची वडी

मोबाईलवर ही कृती तुम्हीही कधीतरी पाहिली असेल. मधमाशीचं मेण, कोको बटर आणि एखादं तेल सारख्या वजनानं घ्यायचं, वितळवायचं, साच्यात ओतायचं. निवलं की साबणासारखी वडी तयार. ती हातावर घासली की अंगाच्या उबेनं वरचा पातळ थर सुटतो आणि त्वचेवर बसतो. बाटली नाही, पंप नाही, पाणी नाही. नाव आहे 'लोशन बार'. सोबत बहुतेक वेळा एक वाक्य असतं: अगदी नवीन, अगदी नैसर्गिक.

मी ती कृती एप्रिलमध्ये, सोलापुरात, करून पाहिली. दुपारी तीन वाजता वडीला बोट लावलं तर खड्डा पडला, आणि वर तेलाचे बारीक थेंब आले होते. कृती चुकीची नव्हती, ती थंड देशातल्या स्वयंपाकघरासाठी लिहिलेली होती. आपल्याकडे सावलीतच पारा चाळीस ओलांडतो, तेव्हा त्या वडीनं तरी काय करावं?

माझं पीएच.डी.चं काम घरातल्या प्रसाधनाच्या वस्तूंच्या इतिहासावर आहे. फणी, करंडा, वज्री, आरसा अशा गोष्टी. त्यामुळे बिघडलेल्या वडीकडे बघताना मला वेगळाच प्रश्न पडला. मेण आणि तेल एकत्र करून अंगाला लावणं आपल्याकडे कधीपासून आहे? आणि असेल, तर ते हातातल्या वडीऐवजी नेहमी डबीतच का होतं?

या लेखात त्याचं उत्तर तीन ठिकाणी शोधू: शब्दांत, पोथ्यांत आणि वस्तूंत. शेवटी सोलापूरच्या उन्हात टिकणारी वडी कशी करायची तेही सांगते. पण मधे एक अवघड गोष्ट येते, ती टाळून पुढे जाता येणार नाही.

एक शब्द, चार गल्ल्या

सोलापूरकरांना हे सांगायला नको की आपल्या गावात एका वस्तूची तीन-चार नावं सहज असतात. मराठीत 'मेण' म्हणा, कन्नडमध्येही 'मेण'च. पूर्व भागात तेलुगू बोलणाऱ्या पद्मशाली घरात 'मैनम्'. दखनी बोलणाऱ्या घरात 'मोम', तो फारसीतून आलेला.

आपला 'मेण' संस्कृत 'मदन' या शब्दापासून आला, असं भाषाअभ्यासक सांगतात. मदन म्हणजे कामदेव हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण त्याच शब्दाचा एक अर्थ मधमाशीचं मेण असाही आहे. मदन, मयण, मेण अशी ती वाट. वैद्यकाच्या ग्रंथांत मेणाला आणखी दोन नावं आहेत: 'सिक्थ' आणि 'मधूच्छिष्ट'. दुसरं नाव फोडून बघा. मधाचं उच्छिष्ट, म्हणजे मध काढून घेतल्यावर मागे उरतं ते.

हे नाव पद्धतही सांगतं. पोळं पिळून मध काढला की चोथा उरतो. तो पाण्यात उकळायचा, फडक्यातून गाळायचा आणि भांडं रात्रभर तसंच ठेवायचं. मेण पाण्यापेक्षा हलकं, त्यामुळे सकाळी वर पिवळी चकती जमलेली असते. सह्याद्रीत कातकरी आणि ठाकर लोक मध काढत आले आहेत, आणि मेण हे त्यांच्या मधामागोमाग बाजारात येणारं दुसरं उत्पन्न. मुख्य वस्तू मध, उरलेलं ते मेण. इतिहासाच्या कागदांतही त्याची जागा अशीच उरलेली आहे. चांदीचा करंडा दागिन्यांच्या यादीत सापडतो, पण त्यातल्या चिमूटभर मेणाची नोंद कोण करणार?

भेगांवरचं मेण

आता पोथ्या. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात सातवा अध्याय कुष्ठाचा, म्हणजे एकूण त्वचारोगांचा आहे. त्यात 'विपादिका' नावाचा विकार येतो: हातापायांना भेगा पडणं आणि त्या फार दुखणं. मराठीत आपण 'जळवात' म्हणतो तो याच्या जवळचा. त्यावर एक योग दिला आहे, त्याला 'जीवंत्यादि यमक' म्हणतात. 'यमक' म्हणजे दोन स्निग्ध पदार्थांची जोडी, इथे तूप आणि तेल. त्यात जीवंती, मंजिष्ठा, दारुहळद वगैरे घालून सिद्ध करायचं आणि मग राळ आणि मेण मिसळायचं.

थोडं थांबून हे नीट पाहू. तूप आणि तेल मऊपणासाठी आहेत. मेणामुळे ते भेगेत टिकतं, ओघळून जात नाही. राळ चिकटपणासाठी. आजच्या भाषेत बोलायचं तर तेल त्वचेला मऊ करतं आणि मेण वरून झाकण घालतं, म्हणजे आतलं पाणी उडून जात नाही. लोशन बारचं काम नेमकं हेच आहे. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात राळेचं मलम अजून मिळतं, ते याच घराण्यातलं.

दुसरा योग वातरक्ताच्या अध्यायातला. तेलात मंजिष्ठा, सारिवा, राळ आणि मेण. त्याचं नाव 'पिंडतैल'. पिंड म्हणजे गोळा. मेणामुळे तेलाला घट्टपणा येतो, आणि तेच त्याच्या नावात उतरलं आहे असं मला वाटतं.

हे फक्त आपल्याकडे घडलं असं मात्र समजू नका. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये काम करणाऱ्या गॅलन या ग्रीक वैद्याच्या नावावर मेण, गुलाबाचं तेल आणि पाणी घोटून केलेलं एक मलम आहे. त्यातलं पाणी उडताना त्वचेला गारवा वाटतो, म्हणून युरोपात त्याच्या वंशजांना पुढे कोल्ड क्रीम म्हणू लागले. ग्रीकमध्ये मेणाच्या मलमाला जो शब्द होता, तो अरबीत 'कैरूती' झाला आणि युनानी हकिमांबरोबर आपल्याकडे पोचला. युनानी वैद्यकात मेण-तेलाच्या लेपाला आजही कैरूतीच म्हणतात.

'मलम' हा शब्दही असाच प्रवासी आहे. अरबी 'मरहम' फारसीतून दख्खनी भाषांत आला आणि मराठीत 'मलम' होऊन बसला. पुढे संस्कृत रसग्रंथांनी त्याला 'मलहर' असं रूप दिलं, म्हणजे मळ हरण करणारा. शब्द बाहेरचा, पण त्याला संस्कृत व्युत्पत्ती जोडून घरचा करून घेतला. सोलापूरचा किल्ला बहमनी काळापासूनचा, आणि त्याच्यासाठी अहमदनगरची निजामशाही आणि विजापूरची आदिलशाही वर्षानुवर्षं भांडल्या. अशा सीमेवरच्या गावात वैद्याची मात्रा आणि हकिमाचं मरहम एकाच बाजारात मिळणं यात नवल काहीच नाही.

आता प्रमाण बघा, कारण आपल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच आहे. मलमांचा पाया म्हणून वापरलं जाणारं 'सिक्थ तैल' करताना एक भाग मेणाला पाच-सहा भाग तिळाचं तेल घेतात. हे बोटानं उचलता येईल इतकंच घट्ट होतं. मोबाईलवरच्या कृतीत एक भाग मेणाला दोन भाग बाकीचे, त्यातला एक भाग मुळातच घट्ट चरबी. म्हणून ती वडी होते. घटक तेच. मेण किती, यावर ठरतं की वस्तू डबीत राहणार की हातात. आणि मेण महाग आणि श्रमाचं. मधमाश्या एक किलो मेण तयार करताना साधारण सहा ते आठ किलो मध खर्ची घालतात असं मानलं जातं. मग एका मलमासाठी किमान दुप्पट मेण कोण वापरणार?

मुठीत वळलेलं तेल

उरलेलं निम्मं उत्तर कोकणात आहे. कारण महाराष्ट्रात हातात धरून घासायची वडी खरोखर होती. फक्त ती मेणाची नव्हती.

कोकमाचं सरबत आणि आमसुलं आपण वापरतो. बिया सहसा फेकून देतो. त्या वाळवून, फोडून आतला गर कुटायचा आणि पाण्यात उकळायचा. तेल वर येतं, ते काढून घ्यायचं. निवताना ते पांढुरकं, घट्ट होतं आणि मग हातानं त्याचे लांबट गोळे वळायचे. हे कोकम तेल. गोव्याकडे आणि तळकोकणात कोकमाला भिरंड म्हणतात, म्हणून तेल 'भिरंडेल'. काही भागांत 'मुठेल' म्हणतात, म्हणजे मुठीत वळलेलं तेल. नावातच आकार आहे. गोळा चुलीजवळ धरून किंचित मऊ करायचा आणि टाचेच्या भेगांवर, फुटलेल्या ओठांवर घासायचा.

एकोणिसाव्या शतकात वसाहतीच्या औषधशास्त्रज्ञांनी हा गोळा हेरला. फ्ल्युकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ च्या 'फार्माकोग्राफिया'त त्यावर स्वतंत्र टिपण आहे. मुंबईत सरकारी औषध भांडाराचं काम पाहणाऱ्या विल्यम डायमॉक यांनी वॉर्डन आणि हूपर यांच्यासह लिहिलेल्या 'फार्माकोग्राफिया इंडिका'तही (१८९०–९३) कोकम आहे. त्यांना त्यात रस का होता? मलमं आणि औषधी वड्या करताना उष्ण हवेत न वितळणारी चरबी हवी होती, आणि युरोपातली कोको बटर इथे टिकत नव्हती. मला एप्रिलमध्ये आलेली अडचण त्यांनाही आली होती.

आकडे सांगते, म्हणजे चित्र स्पष्ट होईल. खोबरेल तेल साधारण २४–२५ अंश सेल्सियसला वितळतं. म्हणून सोलापुरात ते वर्षातला बराच काळ पातळ असतं आणि फक्त डिसेंबर-जानेवारीत बाटलीत गोठतं. कोको बटर ३४ च्या आसपास वितळते. कोकम तेल ३९ ते ४२ ला. मधमाशीचं मेण ६२ ते ६५ ला. आपल्या त्वचेचं वरचं तापमान ३२–३४. आता बघा, कोको बटर त्वचेला लागताच विरघळायला लागते, हा तिचा मोठा गुण. पण जिथे खोलीच तिच्यापेक्षा गरम आहे तिथे तोच गुण दोष होतो. कोकम तेल घासावं लागतं, थोडी मेहनत घेतं, पण उन्हाळ्यात जागेवर राहतं.

म्हणजे वडी की डबी हे हवामान आणि मेणाची किंमत मिळून ठरवत होते. कोकणात कोकम होतं, तिथे गोळा झाला. देशावर कोकम नाही, तिळाचं आणि करडईचं तेल आहे, तिथे थोडं मेण घालून मलम झालं आणि ते डबीत गेलं.

फणेरपेटीतली डबी

देशावरच्या घरात मेणाचा सगळ्यात रोजचा उपयोग मात्र भेगांसाठी नव्हता. तो कपाळासाठी होता.

तुमच्या घरात जुनी फणेरपेटी असेल तर उघडून बघा. लाकडी पेटी, झाकणाच्या आत आरसा, खाली कप्पे. एकात फणी, एकात कुंकवाचा करंडा किंवा कोयरी, आणि एक अगदी लहान डबी. ती मेणाची. मेणात थोडं तेल घालून ते बोटाला येईल इतकं मऊ केलेलं असायचं. अंघोळ झाली की आधी मेणाचा गोल टिळा, मग त्यावर पिंजर, आणि कडेनं पुसून नीट गोल करायचं. मेणामुळे कुंकू धरून राहायचं, घामानं ओघळायचं नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशा पेट्या, करंडे आणि टाचा घासायच्या पितळी वज्र्या पाहायला मिळतात. दिनकर केळकरांनी (१८९६–१९९०) जमवलेल्या या वस्तूंमुळे निदान डबी तरी उरली. आतलं मेण संपून गेलं.

आणि कुंकू? आपल्या जिल्ह्यातलं पंढरपूर कुंकू आणि बुक्क्यासाठी प्रसिद्धच आहे. जुन्या पद्धतीत हळकुंडं लिंबाचा रस आणि टाकणखार यांत मुरवून, वाळवून दळत. टाकणखार म्हणजे बोरॅक्स. आंबटाबरोबर त्यातून बोरिक आम्ल सुटतं आणि हळदीतल्या पिवळ्या द्रव्याशी जुळून लाल संयुग बनतं. म्हणजे हळद, लिंबू, क्षार, मेण, तेल. 'नैसर्गिक घटक' म्हणून आज ज्याची जाहिरात होते, ते सगळं त्या पेटीत होतं.

इथे ती अवघड गोष्ट येते.

ही पेटी घरातल्या प्रत्येक बाईची नव्हती. नवरा गेला की कुंकू पुसलं जायचं, आणि त्याबरोबर मेणाची डबी बंद व्हायची. मराठीत 'कपाळ पांढरं होणं' याचा अर्थ विधवा होणं असा आहे, इतकं ते कपाळ आणि ते मेण एका स्थितीशी बांधलेलं होतं. त्याच घरात, त्याच आरशाजवळ, एकीच्या हाताला रोज मेणाचा वास आणि दुसरीला ती डबी उघडायची मनाई. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एकीला वाण, दुसरी आतल्या खोलीत.

मी जेव्हा 'आजीच्या काळातलं नैसर्गिक प्रसाधन' असे शब्द वाचते तेव्हा मला विचारावंसं वाटतं: कोणत्या आजीच्या? कारण पदार्थ निसर्गातून येतात, पण ते कुणी वापरायचे हे माणसं ठरवतात. मेणात मंजिष्ठा किती घालावी हे पोथीत आहे, मेण कुणाच्या कपाळाला लागावं हे घरातल्या रिवाजात होतं. इतिहास लिहिताना दुसरी गोष्ट गाळली तर पहिलीही खोटी वाटू लागते.

मेण गेलं, नाव राहिलं

मेणाची जागा दुसऱ्या एका वस्तूनं आधीच घ्यायला सुरुवात केली होती. १८३० साली जर्मन रसायनशास्त्रज्ञ कार्ल फॉन रायखेनबाख यांनी पॅराफिन वेगळं केलं. १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट चेसब्रो यांनी व्हॅसलीनचं पेटंट घेतलं. ही खनिज तेलातून निघणारी उपउत्पादनं, म्हणजे एका अर्थी खनिज तेलाचं उच्छिष्ट. स्वस्त, पांढरी, वास नसलेली, न खवट होणारी. आसामात डिगबोईची रिफायनरी १९०१ मध्ये सुरू झाली आणि मेण हे तिचं एक ओळखीचं उत्पादन ठरलं. मेणबत्तीतलं मेण बदललं, तरी आपण तिला मेणबत्तीच म्हणत राहिलो. आज दुकानात 'मेण द्या' म्हटलं तर बहुतेक वेळा पॅराफिनच हातात पडतं.

कपाळावर मेणाला हटवलं ते टिकलीनं. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत मागे गोंद असलेली टिकली घराघरांत आली. सोपी, गोल, ओघळत नाही. नोकरीला, मिलमध्ये, शाळेत जाणाऱ्या बाईला दोन मिनिटं वाचवणारी. तिला नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. पण १९९० साली अलाहाबादच्या त्वचारोगतज्ज्ञांनी एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात नोंद केली की टिकलीच्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटिल-फिनॉल या द्रव्यामुळे काही स्त्रियांच्या कपाळावरचा रंग जाऊन पांढरा डाग पडतो. तुमच्या ओळखीतही एखाद्या काकूंच्या कपाळावर असा गोल डाग तुम्ही पाहिला असेल. दुसरीकडे हळदीऐवजी कृत्रिम रंग घातलेल्या कुंकवानं कपाळ काळवंडतं, खाज येते, हेही त्वचारोगतज्ज्ञांनी नोंदवलं आहे.

म्हणून मेणाकडे परत वळण्यात अर्थ आहे. फक्त तो भाबडेपणानं नको.

सोलापूरच्या हवेतली वडी

आता करून बघू. वजन करायला स्वयंपाकघरातला लहान काटा घ्या, वाटी-चमच्याच्या मापानं जमत नाही, कारण मेणाचा कीस फुगतो.

थंडीसाठी: मधमाशीचं मेण ३० ग्रॅम, कोकम तेल ३० ग्रॅम, तिळाचं तेल ३० ग्रॅम.

एप्रिल-मेसाठी: मेण ३६ ग्रॅम, कोकम तेल ३० ग्रॅम, तिळाचं तेल २४ ग्रॅम.

कोको बटरच्या जागी कोकम तेल घेतलं ते वर सांगितलेल्या आकड्यांमुळे. तिळाचं तेल घेतलं कारण ते लवकर खवट होत नाही. आपल्याकडची करडई वापरायची असेल तर जरूर वापरा, पण वडी लहान करा आणि लवकर संपवा. खोबरेल उन्हाळ्यात पातळ असतं, त्यामुळे ते घेतलं तर मेण थोडं वाढवा.

मेण किसून घ्या. पातेल्यात पाणी तापवा, त्यात कोरडं स्टीलचं भांडं ठेवा आणि मेण आधी वितळू द्या. थेट गॅसवर मेण ठेवू नका, ते पेट घेऊ शकतं, आणि पेटलेल्या मेणावर पाणी टाकणं त्याहून धोक्याचं. मेण पातळ झालं की कोकम तेल घाला, तेही विरघळलं की तिळाचं तेल, आणि गॅस बंद. एक थेंब गार ताटलीवर टाका. मिनिटभरानं बोटानं दाबून बघा. खड्डा पडला तर थोडं मेण, नखानंही खरवडेना तर थोडं तेल. ही तपासणी सोडू नका, कारण तुमच्याकडचं मेण आणि माझ्याकडचं मेण सारखं असेलच असं नाही. मग साच्यात ओता. साचा नसेल तर इडलीपात्र तेलाचं बोट फिरवून चालतं.

पाण्याचा थेंबही आत जाऊ देऊ नका. जंतूंना वाढायला पाणी लागतं, ते नाही म्हणूनच या वडीला टिकवण्याची रसायनं लागत नाहीत. कोरफडीचा गर, गुलाबपाणी, ताजी हळद घालायचा मोह होतो, तो टाळा. वडी कोरड्या डबीत ठेवा आणि ओल्या हातानं उचलू नका.

मेण खरं आहे का? पिवळसर रंग, मधाचा मंद वास, आणि हाताच्या उबेनं हळूहळू मऊ होऊन वळता येणं ही चांगली लक्षणं. पांढरंशुभ्र, काचेसारखं, निसरडं असेल तर पॅराफिनचा संशय घ्या. मधपेट्या पाळणाऱ्यांकडून किंवा खादी ग्रामोद्योगाच्या दुकानातून घेतलेलं जास्त भरवशाचं. महाबळेश्वरजवळच्या मांघर या गावाला २०२२ मध्ये देशातलं पहिलं 'मधाचं गाव' म्हणून ओळख मिळाली. जिथे मध आहे, तिथे मधूच्छिष्टही असणारच.

आणि एक: आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडंसं लावून एक दिवस वाट बघा. मधमाशीच्या मेणाचीही काहींना ॲलर्जी असते. भेगा खोल असतील, रक्त येत असेल, मधुमेह असेल तर वडी बाजूला ठेवून डॉक्टरांना पाय दाखवा.

वाण कुणाला

४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावच्या ग्रामसभेनं विधवेचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र तोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात राज्य सरकारनं परिपत्रक काढून हा कित्ता इतर ग्रामपंचायतींनी गिरवावा असं सांगितलं. या मोहिमेमागे आपल्याच सोलापूर जिल्ह्यातली एक संस्था होती: करमाळ्याचं महात्मा फुले समाजसेवा मंडळ. कपाळ आणि डबी यांचा संबंध तोडायची मागणी आपल्या जिल्ह्यातून उठली, हे मला या सगळ्या इतिहासातलं सगळ्यात महत्त्वाचं पान वाटतं.

वर दिलेल्या मापात लहान साच्यांच्या सहा वड्या होतात. संक्रांतीला वाण म्हणून प्लास्टिकच्या डब्या वाटण्यापेक्षा त्या द्यायला छान आहेत, जानेवारीत टाचा फुटलेल्याही असतात. द्यायचं ठरवलंत तर यादी करताना एकदा थांबा. त्यात शेजारच्या त्या काकू आहेत का, ज्यांना इतकी वर्षं कुणी बोलावलं नाही? भेगा त्यांच्याही पायांना पडतात.

आणि घरात फणेरपेटी असेल तर ती लहान डबी शोधा. तळाशी काळपट थर असेल तर खरवडून टाकू नका. ती कुणाची होती, कुठून आली, तिला घरात काय म्हणत, आणि ती कधी बंद झाली, एवढं घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारून लिहून ठेवा. मला कळवलंत तर माझ्या कामाला उपयोग होईल. नाही कळवलंत तरी तुमच्या घरात ते लिहिलेलं असेल, आणि ते आजवर कुठल्याच यादीत नव्हतं.